चिन्ह उलटतं ते का?

असमानता शिकताना मुलं हमखास अडखळतात ती एका नियमापाशी: ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं, की चिन्ह उलटायचं. ‘का उलटायचं?’ या प्रश्नाला वर्गात बहुधा ‘नियमच आहे’ एवढंच उत्तर मिळतं. खरं उत्तर संख्यारेषेवर मिनिटभरात दिसतं. २ आणि ५ घ्या. ५ उजवीकडे, शून्यापासून लांब. दोघांना −१ ने गुणलं, की दोघेही शून्याच्या पलीकडे जातात. ५ आताही लांबच आहे, पण डावीकडे. म्हणून २ < ५, तर −२ > −५.

सुरुवात मात्र नियमापासून नकोच. रेल्वेच्या खिडकीपासून करावी. पाच वर्षं पूर्ण झालेल्या, पण बारा पूर्ण न झालेल्या मुलाला वेगळा बर्थ नको असेल, तर अर्धं तिकीट लागतं. वय क्ष मानलं, तर ५ ≤ क्ष < १२. रेषेवर ५ पाशी भरीव ठिपका, १२ पाशी पोकळ. बाराव्या वाढदिवशी सवलत संपते, हे तो पोकळ ठिपका सांगतो. एकच उत्तर शोधायची सवय असलेल्या मुलांना इथे उत्तर म्हणून रेषेचा अख्खा तुकडा मिळतो.

< आणि > ही चिन्हं छापील पुस्तकात प्रथम आली १६३१ मध्ये, इंग्रज गणिती थॉमस हॅरियटच्या बीजगणितात. तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षं झाली होती. हस्तलिखितांत त्याची चिन्हं जरा वेगळी होती. आजचं सुटसुटीत रूप संपादकांनी दिलं. याच हॅरियटने १६०९ च्या उन्हाळ्यात, गॅलिलिओच्या काही महिने आधी, दुर्बिणीतून पाहून चंद्राचं चित्र काढलं होतं. पण हयातीत त्याने एकच पुस्तक छापलं, तेही व्हर्जिनियाच्या वसाहतीवर. गॅलिलिओचं नाव शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. हॅरियटची चिन्हं ती रोज लिहितात, तर निदान ती गिरवताना तरी त्याचं नाव कानावर पडायला हवं.

चिन्हं नव्हती तेव्हाही असमानता होतीच. आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंच्या बहुभुजाकृती कल्पून ‘पाय’ला दोन संख्यांमध्ये कोंडलं: २२३/७१ पेक्षा मोठा, २२/७ पेक्षा लहान. वहीत मुलं बिनदिक्कत ‘पाय = २२/७’ लिहितात. तिथे बरोबरच्या जागी कोणतं चिन्ह हवं, हा असमानतेच्या पहिल्या तासाला विचारण्याजोगा प्रश्न आहे.