ठरावातून नळापर्यंत

आपल्या गावच्या नगरपरिषदेची विषयपत्रिका कधी हाती आलीच, तर ती शेवटपर्यंत वाचावी. पहिला विषय ठरलेला असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. त्याखाली ब्लीचिंग पावडर खरेदीच्या निविदा येतात, मग अमुक प्रभागातल्या गटारीवर ढापे टाकणे, स्मशानभूमीतल्या शेडची दुरुस्ती, आठवडे बाजाराच्या जागा-वसुलीचा ठेका, मोकाट जनावरांचा बंदोबस्त, एखाद्या चौकाचे नामकरण. सगळ्यात शेवटी एक गूढ ओळ: अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय. राजकारणातल्या जाणत्यांचे डोळे आधी त्या शेवटच्या ओळीकडे जातात. बाकीच्यांना तोवर पेंग आलेली असते.

पण त्या एका कागदावर काय काय आहे पाहा. आपण पितो ते पाणी, टाकतो तो कचरा, रात्री चालतो तो रस्ता, जन्माची नोंद आणि शेवटची जागा. दिल्ली आणि मुंबईतली सरकारे आपल्यापर्यंत बहुतेक बातम्यांतून पोचतात. हे सरकार मात्र रोज सकाळी नळातून येते, आणि नाही आले तर पाच मिनिटांत आपल्याला कळते.

छोट्या शहरांचा हा कारभार महाराष्ट्रात १९६५ च्या अधिनियमावर चालतो. लाखाच्या वर लोकसंख्या असलेली नगरपरिषद ‘अ’ वर्गात, चाळीस हजार ते लाख ‘ब’ वर्गात, त्याखालची ‘क’ वर्गात. खेड्याचे नुकतेच शहर होऊ लागले असेल तर नगरपंचायत, तिचे सदस्य सतरा. याच अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये दिली आहेत. दिवाबत्ती, झाडलोट, आग विझवणे, धोकादायक इमारतींचा बंदोबस्त, गटारे, पाणी, जन्ममृत्यूची नोंद, मृतांच्या विल्हेवाटीची जागा, रस्त्यांना नावे आणि घरांना क्रमांक. ही यादी म्हणजे माणसांनी एका जागी दाटीने राहायचे ठरवल्यावर ज्या ज्या अडचणी उभ्या राहतात, त्यांचीच यादी आहे. रानात एकट्या राहणाऱ्याला यातले एकही कलम लागत नाही.

आधी पाणी घेऊ. वीस हजार वस्तीचे शहर धरा. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे मानक आहे. त्या हिशेबाने रोज २७ लाख लिटर, म्हणजे २,७०० टन पाणी. दहा टनी ट्रक धरले तर २७० ट्रकांची रांग, रोज, सणवार न पाहता. हे वजन नदीकाठच्या जॅकवेलमधून उचलायचे, शुद्ध करायचे आणि घराघरांत पोचवायचे. वाड्यावस्त्यांतून जाणाऱ्या अरुंद बोळांत हे कुणाला दिसतही नाही, कारण सगळे जमिनीखालून चाललेले असते.

शुद्धीकरण केंद्रावरची पहिली करामत तुरटीची. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात की नुसते ठेवून दिले तर ते लवकर बसतच नाहीत. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटीतले ॲल्युमिनियम हा भार मारते. भांडण मिटलेले कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके जड होऊन तळाशी बसतात. वरचे नितळ पाणी वाळूच्या थरातून गाळले जाते आणि मग क्लोरीनची पाळी येते.

क्लोरीनचा हिशेब तर आणखी नाजूक. ग्राहकाच्या नळाशी पाणी पोचेल तेव्हा त्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा, असे भारतीय मानक सांगते. म्हणजे एक कोटी भाग पाण्यात अवघे दोन भाग. केंद्रावर पुरेसा मिसळून भागत नाही. वाटेतल्या नळांत, टाकीत, जुनाट जोडांत तो खर्ची पडत जातो. म्हणून तपासणी शेवटच्या घरातल्या नळावर करावी लागते. परीक्षानळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडीनचे (ओ.टी.चे) थेंब टाकायचे, पाणी पिवळे झाले की क्लोरीन पोचला. तो पिवळा रंग पाहणारा कर्मचारी गावाच्या पोटाची राखण करत असतो, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

उंच टाकी कशासाठी, याचे उत्तरही सुंदर आहे. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक वातावरणाइतका दाब मिळतो. पाच लाख लिटरच्या टाकीत पाचशे टन पाणी आपल्या डोक्यावर उभे असते. एकदा वर चढवले की रस्तोरस्ती पंप लागत नाहीत, पुढचे सगळे काम गुरुत्वाकर्षण फुकटात करते. उरतो फक्त व्हॉल्व्हमन. कुठला व्हॉल्व्ह किती वाजता किती फिरवायचा, कुठल्या आळीला चढ आहे म्हणून जास्त वेळ लागतो, कुठे जोडावर गळती आहे, हा नकाशा बऱ्याच गावांत अजून त्याच्या डोक्यातच असतो. पाणी सुटताना सुरुवातीला गढूळ का येते, हेही तोच सांगेल. पुरवठा बंद असताना रिकामी झालेली नळी गळतीच्या जागेतून आजूबाजूचे पाणी आत ओढते. चोवीस तास पाणी ही चैन वाटते, पण भरलेली नळी ही मुळात आरोग्याची सोय आहे.

आता एखादा खांब किंवा गटार कसे उभे राहते ते पाहू. नागरिकाचा अर्ज आवक बारनिशीत नोंदला जातो. त्यावर लिपिकाचे टिपण चढते. अभियंता दरसूचीनुसार अंदाजपत्रक काढतो. विषय सभेपुढे येतो, एक सदस्य सूचक होतो, दुसरा अनुमोदक, आणि ठराव मंजूर होतो. मग तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश. काम झाल्यावर अभियंता जागेवर जाऊन लांबी-रुंदी-खोली मोजमाप पुस्तिकेत लिहितो आणि त्या आकड्यांवरून ठेकेदाराचे देयक निघते. अर्जातले दोन ओळींचे वाक्य इतक्या हातांतून जाते आणि दुसऱ्या टोकाला सिमेंट होऊन बाहेर पडते. यातला जवळजवळ प्रत्येक टप्पा पूर्वी कुणीतरी केलेल्या लबाडीमुळे घातलेला आहे. म्हणून हा रस्ता लांब आहे आणि म्हणूनच त्यावर टीका करताना जरा जपून करावी.

पैसा येतो कुठून? घरपट्टीचे बिल उघडून पाहा. तुमचे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल याचा अंदाज धरतात, दुरुस्तीसाठी त्यातून दहा टक्के वजा करतात, उरले ते करयोग्य मूल्य. दर चार वर्षांनी याची फेरआकारणी, आणि तेव्हा गावभर हरकतींचा पाऊस. पण बिलात खाली आणखी ओळी असतात. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर नगरपरिषद वसूल करते, पण ते राज्य सरकारचे. रोजगार हमी कर बिगर-निवासी मालमत्तांवर असतो. १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या योजनेसाठी ज्या अनेक करांतून पैसा उभा करायचे ठरले, त्यांत हाही होता. बाजारपेठेतला दुकानदार घरपट्टीच्या खिडकीवर कुरकुरत जे भरतो, त्यातला एक हिस्सा खडी फोडणाऱ्या, नाला बांधणाऱ्या हातांसाठी ठरलेला. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचे उदाहरण समोर होते.

एवढे असूनही नगरपरिषद स्वतःच्या पायावर क्वचितच उभी असते. नाक्यावरची जकात नगरपरिषदांच्या हद्दीत १९९९ मध्ये उठली आणि बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान येऊ लागले. वित्त आयोगाचा निधी येतो, पण त्यातला काही पाणी आणि स्वच्छतेलाच खर्चायची अट घालून. मतदार नगरसेवकाला रस्त्यात अडवून जाब विचारतो, पण तिजोरीची किल्ली बरीचशी मंत्रालयात असते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात अठरा विषय शहरांच्या नावे लिहून दिले. विषय आले तितक्या वेगाने पैसा आणि माणसे आली नाहीत.

कचऱ्याचेही असेच. माणशी पाव किलो धरला तरी वीस हजारांच्या गावात रोज पाच टन. घंटागाडी तो नेते आणि आपल्यापुरता प्रश्न संपतो. तो खरोखर संपवता येतो का, याचे उत्तर सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याने दिले. सुमारे बारा हजार वस्तीचे हे बंदराचे गाव. तिथे ओला-सुका वेगळा करण्यावर न थांबता कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे केले जाऊ लागले, ओल्यापासून बायोगॅस निघू लागला, प्लास्टिक रस्त्याच्या कामात जाऊ लागले. ढीग साचण्याची जागा लोक पाहायला येतील अशी झाली. यात न उलगडणारे असे तंत्र कुठलेच नव्हते. रोज सकाळी, प्रत्येक दारात, न कंटाळता तेच काम करणे एवढेच होते, आणि नेमके तेच सगळ्यात अवघड असते.

जन्ममृत्यूच्या खिडकीवर तर नवल दाटीवाटीने बसलेले आहे. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते. बारसे अजून व्हायचे असेल, तरी नोंद होते. नावाचा रकाना रिकामा राहतो आणि नाव नंतर भरता येते. म्हणजे कित्येक माणसे राज्यव्यवस्थेला नावाआधी माहीत होतात: अमुक तारीख, अमुक वेळ, मुलगी. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा दाखला चालतो. पलीकडच्या रजिस्टरात मृत्यू लिहिले जातात. दोन्ही रजिस्टरे सहसा एकाच टेबलावर, एकाच माणसाच्या हाताखाली असतात.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या ठरावाकडे वळू, कारण त्याची ताकद आणि त्याचे दुबळेपण दोन्ही एका गावाने देशाला दाखवले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या कराव्यात, असा. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून आपला ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे पुढे नगराध्यक्ष म्हणून त्यामागे उभे राहिले. चवदार तळे नगरपालिकेचे, ते सर्वांना खुले. इतिवृत्तात ओळ चढली, पण तळ्यावर काहीच बदलले नाही. ठरावाने पाणी खुले केले, आणि पाण्याला हात लावायची मुभा मात्र अस्पृश्य मानलेल्यांना मिळाली नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारो माणसे चवदार तळ्यावर चालत गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. इतिहास याला सत्याग्रह म्हणतो. नगरपालिकेच्या भाषेत सांगायचे तर त्या दिवशी तीन वर्षे पडून राहिलेल्या ठरावाची अंमलबजावणी नागरिकांनी स्वतः केली. त्यानंतर गावात हल्ले झाले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले. अस्पृश्यांना या तळ्यापासून दूर ठेवण्याची पूर्वापार वहिवाट असल्याचा दावा सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. एका छोट्या गावच्या सभेतला एक विषय, तेरा वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायासनापुढे.

ठराव हे सभेने दिलेले वचन असते. ते पाळले गेले की नाही, हे पाहायला सभेबाहेरची माणसे लागतात. अलीकडे याचा उलटा अनुभवही आला. २०२१-२२ च्या सुमारास राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदांच्या मुदती संपल्या, निवडणुका लांबत गेल्या आणि २०२५ च्या डिसेंबरपर्यंत कित्येक ठिकाणी प्रशासकच कारभार पाहत होते. नळाला पाणी येत राहिले, दाखले मिळत राहिले, कागदावर ठरावही होत राहिले. सभागृहात उठून ‘मागच्या ठरावाचे काय झाले?’ असे विचारणारा मात्र कुणी उरला नव्हता. यंत्र चालू होते, त्याला प्रश्न विचारणारा भाग काढून ठेवला होता.

तो भाग आपल्यालाही होता येते. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे आणि महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये लागतात. गटार, दिवा, पाण्याची लाइन, जे अडले असेल त्याबद्दल चार गोष्टी मागाव्यात: ठराव क्रमांक व तारीख, कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि अदा केलेल्या देयकाची रक्कम. मग फूटपट्टी घेऊन जागेवर जावे आणि पुस्तिकेतली लांबी रस्त्यावरच्या लांबीशी ताडून पाहावी.