‘कॉम्प्युटर’ला ॲडमिशन घ्यायचंय? कॉलेजात नेमकं काय शिकवतात, खर्च किती आणि अडतं कुठे. आधी हे वाचा

बारावीचा निकाल लागला की सेतू केंद्रावर दाखल्यांसाठी रांगा लागतात. त्या रांगेत ‘कॉम्प्युटरला टाकायचंय’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण कॉम्प्युटर म्हणजे काय शिकायचं, याचा अंदाज ना पोरांना असतो ना घरच्यांना. एमएस-सीआयटी झालंय, टायपिंग येतं, मोबाईल झपाट्याने चालतो, म्हणजे हे जमेल असं वाटतं. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर वापरणं आणि सॉफ्टवेअर तयार करणं यात ट्रॅक्टर चालवणं आणि ट्रॅक्टर बनवणं इतका फरक आहे.

जायचे रस्ते चार

पहिला, दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा. तो झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दुसरा, बारावी सायन्सनंतर चार वर्षांचं इंजिनिअरिंग. त्यासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते. तिसरा, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, म्हणजे आपल्याकडचं ‘बीसीएस’. याला बहुतेक ठिकाणी बारावीला गणित लागतं. चौथा बीसीए. अनेक कॉलेजांत आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनाही तिथे जागा मिळते. एआयसीटीईची मान्यता असलेल्या बीसीएसाठी 2024 पासून वेगळी सीईटी सुरू झाली आहे. कॉलेज नक्की करण्याआधी ती लागते का, हे विचारून घ्यावं.

शिकवतात काय? डेअरीवरून समजून घ्या

गावातल्या दूध संकलन केंद्रावर दूध मोजलं, फॅट आणि एसएनएफ आलं की मशीनमधून पावती निघते. त्यामागे कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम असतो: फॅट इतकं असेल तर दर इतका, त्याला लिटरने गुणा, रक्कम छापा. असा हिशेब पायरी-पायरीने कॉम्प्युटरला सांगणं म्हणजे प्रोग्रामिंग. कॉलेजात सुरुवात बहुधा सी किंवा पायथन या भाषेने होते.

पुढचे विषय याच डेअरीतून कळतात. हजार सभासदांमधून एकाचं खातं क्षणात कसं शोधायचं? तो ‘डेटा स्ट्रक्चर’चा विषय. दहा वर्षांच्या नोंदी नीट कशा ठेवायच्या? ‘डेटाबेस’. पावती निघताना मध्येच लाईट गेली आणि दूध नोंदलं पण रक्कम जमा झाली नाही, असं अर्धवट काम राहू नये म्हणून काय करायचं, हेही डेटाबेसमध्येच शिकवतात. केंद्रावरची माहिती संघाच्या ऑफिसला कशी पोहोचते? ‘नेटवर्क’. उद्या दर बदलले तर सगळा प्रोग्राम नव्याने लिहावा लागू नये, अशी रचना कशी करायची? ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’.

पहिल्या वर्षाचा धक्का

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी कोडिंग थोडं आणि गणित, फिजिक्स, इलेक्ट्रिकल जास्त असतं. ‘कॉम्प्युटर घेतलं आणि हे काय शिकवतायत’ असं वाटून कित्येक जण तिथेच खचतात. बीसीएसलाही गणित सुटत नाही. बारावीत गणित नको नको झालं असेल, तर त्याचा आधी विचार करावा.

दुसरा धक्का इंग्रजीचा. लेक्चर, पुस्तक, पेपर सगळं इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या पोराला उत्तर येत असतं, पण ओरलला सरांसमोर तोंड उघडत नाही. पहिले सहा महिने हे जड जातं, नंतर तेच तेच शब्द येत असल्याने सवय होते. पुण्याजवळ निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये 2021 पासून कॉम्प्युटरची एक तुकडी मराठीतून सुरू झाली. बाकी बहुतेक ठिकाणी इंग्रजीला पर्याय नाही. मात्र आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’वर सी, पायथनसारख्या विषयांचे धडे मराठीतही फुकट ऐकायला मिळतात.

तिसरी गोष्ट म्हणजे एरर. एक चिन्ह राहिलं तरी प्रोग्राम चालत नाही आणि चूक शोधण्यात दोन तास जातात. म्हणजे आपण ढ आहोत असं नाही. मुरलेल्या इंजिनिअरचाही बराच वेळ चुका शोधण्यातच जातो.

सबमिशन आणि केटी

दर सेमिस्टरला प्रॅक्टिकलचं जर्नल, ओरल आणि सबमिशन असतं. मित्राच्या जर्नलवरून उतरवून सही मिळते, पण हाताला कोड येत नाही. नापास झालेला विषय पुढे ओढला की ‘केटी’ लागते. एक-दोन केट्या निघतात. त्या साठल्या तर वर्ष जातं. म्हणून घरच्यांनी ‘पास झालास का’ एवढंच न विचारता ‘केटी किती’ हेही मोकळेपणाने विचारावं आणि पोरांनीही लपवू नये.

पैसा कुठे लागतो, कुठे वाचतो

राज्य सरकारच्या 2024 च्या निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना त्याच उत्पन्न मर्यादेत राजर्षी शाहू महाराज योजनेतून ट्यूशन फीमध्ये निम्मी सवलत मिळते. एससी, एसटी, व्हीजेएनटी, ओबीसींच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा.

यातली ग्यानबाची मेख अशी, की प्रवेश ‘कॅप राऊंड’मधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत मिळत नाही. खोली, मेस, प्रवास यांचा खर्च वेगळाच धरावा.

लॅपटॉप लागतो, पण पहिल्याच दिवशी नाही. सुरुवातीला कॉलेजची लॅब पुरते. घ्यायचाच तर 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा चालतो. गेमिंगच्या महागड्या मॉडेलसाठी सोनं गहाण टाकायची गरज नाही. लागणारी बहुतेक सॉफ्टवेअर फुकट आहेत.

नोकरी पक्की का?

नाही. डिग्री म्हणजे मुलाखतीला बसायची परवानगी. कॅम्पसला येणाऱ्या अनेक मोठ्या कंपन्या दहावीपासून सगळीकडे 60 टक्के आणि एकही केटी शिल्लक नको अशी अट घालतात. पुढे ॲप्टिट्यूड, कोडिंग टेस्ट आणि मुलाखत. तिथे विचारतात, ‘तू स्वतः काय बनवलंस?’ आणि विकत आणलेला प्रोजेक्ट तिसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. गावच्या सोसायटीचा छोटा हिशेब प्रोग्राम असला तरी चालेल, पण तो स्वतः लिहिलेला हवा.

आता एआय कोड लिहून देतं, मग शिकायचं कशाला, असाही प्रश्न येतो. एआयने दिलेला कोड बरोबर आहे की चूक, हे ओळखायला तोच पाया लागतो. शिकताना उत्तर त्याच्याकडून घेतलं, तर परीक्षेच्या हॉलमध्ये आणि मुलाखतीत हात रिकामे राहतात.

‘शंभर टक्के जॉब’ सांगून लाखभर रुपये मागणाऱ्या क्लासवाल्यांपासून सावध राहावं. गॅरंटीच्या अटी लेखी मागाव्यात. पैसे भरण्याआधी तिथून शिकून गेलेल्या दोघा-तिघांशी बोलावं.

ॲडमिशनआधी एवढं करा

- ‘स्पोकन ट्युटोरियल’वर सी किंवा पायथनचे पाच-सहा धडे करून पाहा. चूक शोधताना मजा वाटते की डोकं उठतं, ते स्वतःला विचारा.
- कॉलेजला जाऊन लॅब उघडी असते का, शिक्षक पूर्ण आहेत का, हे शिकणाऱ्या पोरांकडूनच विचारा.
- उत्पन्न, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी ही कागदं निकालाची वाट न बघता काढायला टाका. जात पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो.
- पोराला हे शिकायचंच नसेल, तर शेजारच्याचा मुलगा पुण्यात आयटीत आहे एवढ्यावरून पाठवू नका. चार वर्षं आणि घरचा पैसा, दोन्ही परत येत नाहीत.