माठातले इन्शुलिन

मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. अशा दिवसांत मधुमेहाच्या काही रुग्णांपुढे एक पेच उभा राहतो. इन्शुलिनची सुई वेळेवर टोचली जाते, मात्राही बरोबर असते; तरी रक्तातली साखर उतरत नाही. असे का व्हावे?

प्रथम इन्शुलिन म्हणजे काय ते पाहू. जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यातून पाझरणाऱ्या इन्शुलिनमुळे रक्तातली साखर पेशींना वापरता येते. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह बहुधा मोठ्या वयात होतो. त्यात शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही आणि हळूहळू स्वादुपिंडही थकते. मग काहींना गोळ्या पुरेनाशा होतात व इन्शुलिन टोचून घ्यावे लागते.

ते गोळीसारखे गिळता का येत नाही? कारण ते प्रथिन आहे. 51 अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांचे. पोटात गेले, तर डाळीतल्या प्रथिनासारखे पचून जाईल! म्हणून 1922 साली टोरांटो येथे 14 वर्षांच्या मुलाला ते प्रथम दिले, तेही टोचूनच.

अंडे उकडले की त्यातला पातळ पांढरा भाग घट्ट होतो. गार केला तरी पुन्हा पातळ होत नाही. उष्णतेने प्रथिनाची घडी मोडते, ती अशी. इन्शुलिन 45 अंशांना लगेच शिजत नाही, पण दिवसेंदिवस त्याची शक्ती घटत जाते. म्हणून नवी कुपी 2 ते 8 अंशांत ठेवतात. वापरायला काढलेली कुपी 25 ते 30 अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. ती गोठली तरी मात्र निकामी होते. तेव्हा बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये.

पण घरी फ्रीज नसेल तर? किंवा दिवसभर वीज गेली तर? अशा वेळी आपला माठ कामाला येतो. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते आणि त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता खर्च होते. म्हणजे केवळ 100 ग्रॅम पाणी उडून गेले, तरी 5.8 किलो पाण्याचे तपमान 10 अंशांनी उतरवण्याइतकी उष्णता गेली!

यात आणखी एक गंमत आहे. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जलद होते. मुंबईच्या दमट हवेत माठ फारसा गार होत नाही. वर्ध्याला सावलीत 44 अंश तपमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनाने तपमान सुमारे 23 अंशांपर्यंत उतरू शकते. त्याखाली मात्र नाही. जी तापलेली हवा कुपीला घातक, तिचाच कोरडेपणा माठाला उपकारक!

यासाठी मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवावे, मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आतल्या मडक्यात ठेवावी. मडके सावलीत, वाऱ्यावर हवे. वाळू रोज भिजवायला हवी. केनियातील दादाब येथील निर्वासितांच्या छावणीतले तपमान लक्षात घेऊन शास्त्रज्ञांनी इन्शुलिनची परीक्षा केली. 25 ते 37 अंशांत चार आठवडे राहूनही त्याची शक्ती टिकल्याचे 2021 साली प्रसिद्ध झाले. 45 अंशांना मात्र ही सवलत नाही.

साखर न उतरण्याचे दुसरे कारण कातडीखाली दडलेले असते. रोज एकाच जागी सुई टोचली की तिथे चरबीची मऊ गाठ तयार होते. ती दुखत नाही, म्हणून अनेकांना तीच जागा बरी वाटते! पण गाठीतून इन्शुलिन रक्तात कधी कमी, कधी जास्त मिसळते. यासाठी दर वेळी जागा निदान बोटभर सरकवावी. गाठ आढळली तर डॉक्टरांना दाखवावी. कारण एकदम निरोगी जागी पूर्ण मात्रा टोचली, तर साखर फार उतरून घाम, थरथर आणि ग्लानी येऊ शकते.

आता एक प्रयोग करा. एक तपमापक खोलीत आणि दुसरा अशा दुहेरी मडक्यात ठेवा. आठवडाभर दुपारी दोन वाजता दोन्हींचे आकडे वहीत लिहा. घरी किंवा शेजारी कुणी आजी-आजोबा इन्शुलिन घेत असतील, तर ती वही त्यांना अवश्य दाखवा.