काळ्या धुराचं दशक

ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरू–बेळगाव वंदे भारत सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबरात हुबळी–पुणे वंदे भारत धावू लागली होतीच. म्हणजे बेंगळुरूपासून थेट मिरज-पुण्यापर्यंतची माझी जुनी वाट आता अखंड तारांखाली गेली. बेळगावच्या मित्रांचे आनंदाचे फोन आले. त्यांचं खरं आहे, गाडी वेगवान आहे, स्वच्छ आहे. पण या वाटेवर इतकी वर्षं आल्को बनावटीच्या डिझेल इंजिनांचं राज्य होतं आणि ते संपलं, याची दोन ओळींची नोंदही कुणी घेतली नाही. हे मला फार लागलं.

माझं लहानपण मिरजेचं. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरकडून येणारी बार्शी लाइटची नॅरोगेज, असे तीन गेज तिथे एका जंक्शनात नांदत होते. त्यावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि बहुतेक सगळं वाफेच्या आठवणींनी ओथंबलेलं आहे. मी त्यात भर घालत नाही. नव्वदच्या दशकात मीटरगेज उखडून ब्रॉडगेज झालं, मी नोकरीसाठी बेंगळुरूला आलो, आणि माझं खरं वेड त्यानंतर सुरू झालं.

१९९८ ते २००८. चेन्नईची दिशा सोडली, तर तेव्हा बेंगळुरूतून हुबळीला, गुंतकलला, म्हैसूरला जाणारी प्रत्येक गाडी डिझेलवर. शहराच्या पूर्वेला कृष्णराजपुरमचं लोको शेड. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण तिथल्या स्थानकावर ठाण मांडायचो. गुत्ती, गोल्डन रॉक, इरोड, कधीमधी पुण्याचंही इंजिन यायचं. प्रत्येक शेडचा रंग निराळा, ठेवण निराळी, हॉर्नचा सूरसुद्धा निराळा. वळणापलीकडून नुसता आवाज आला की इंजिन कुठलं असेल यावर पैज लागायची.

डब्ल्यूडीएम-२ म्हणजे २६०० अश्वशक्तीचं, सोळा सिलिंडरचं अमेरिकन आल्को घराण्याचं इंजिन. वाराणसीच्या कारखान्यात ते तीस-पस्तीस वर्षं बनत राहिलं. उभं असताना ते एका लयीत गुरगुरायचं. सिग्नल मिळाला की ड्रायव्हर नॉच, म्हणजे जोराची पायरी, वाढवायचा, इंधनाचा पुरवठा तत्काळ वाढायचा. पण टर्बोचार्जरला वेग घ्यायला थोडा वेळ लागायचा आणि तेवढा वेळ हवा कमी पडायची. म्हणून काळ्याभोर धुराचा लोट उठायचा. मग टर्बोची शीळ चढत जायची, धूर विरळ व्हायचा, आणि अठरा डबे हलायचे. यंत्राची धाप अशी उघड्यावर पाहायला मिळणं हे आमचं सुख होतं. त्या धुराचं समर्थन मी करणार नाही. फलाटावरच्या लोकांना त्याचा त्रास होता.

वाफवाल्या मंडळींशी माझं जुनं भांडण आहे. डिझेल म्हणजे नुसता आवाज करणारा पत्र्याचा डबा, त्यात जीव नसतो, असं ते तोंडावर सांगायचे. वाफेच्या इंजिनांना दिल्लीत १९७७ साली आणि म्हैसूरला १९७९ साली संग्रहालय मिळालं. आल्को मात्र रांगेनं भंगारात गेली. देशभरच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या ज्यांनी चार दशकं ओढल्या, त्यांच्यातल्या एखाद-दुसऱ्याला चौथऱ्यावर जागा मिळाली, एवढंच.

माझ्या त्या डिझेलच्या दशकातच बेंगळुरू–मंगळुरू वाटेवरचा सकलेशपूरचा रेल्वे घाट परत उघडला. सुब्रह्मण्य रोडपर्यंतचे ५५ किलोमीटर आणि ५७ बोगदे. १९९६ साली गेज बदलण्यासाठी मार्ग बंद झाला. २००६ मध्ये मालगाड्या सुरू झाल्या आणि २००७ च्या डिसेंबरात प्रवासी गाड्या. पन्नासास एक असा चढ. पावसात पुढची आणि मागची इंजिनं एकाच वेळी जोर लावायची, तो घुमणारा आवाज गाडी दिसण्याच्या कितीतरी आधी दरीत पोचायचा.

मॉडेलचा नाद लागला पुण्यात. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये खुलं झालं. ते पाहून परतलो आणि घरच्या टेबलावर रूळ मांडले. पण दुकानात मिळायची ती जर्मन आणि अमेरिकन इंजिनं. एचओ म्हणजे ८७ पट लहान प्रमाण; त्याचे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद, त्या प्रमाणात ते सव्वाएकोणीस भरतं. म्हणजे आपलं इंजिन तयार रुळांवर ठेवलं की चाकं आत ओढल्यासारखी दिसतात. तरी आम्ही बनवायचो. प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून वीस सेंटिमीटरला जराशी कमी अशी बॉडी कापायची, कानशीनं कड घासायची, रेडिएटरची जाळी चिकटवायची. बोगी मात्र अमेरिकन आल्कोच्या मॉडेलचीच लागायची, कारण तिच्या तीन आसांमधलं अंतर सारखं नसतं. दोन जवळ, तिसरा लांब. पाहुणे म्हणायचे, मुलांसाठी चाललंय वाटतं. नाही, माझ्यासाठीच चाललं होतं आणि अजूनही चाललं आहे.

पुढे रुळांवर ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन घराण्याची डिझेल इंजिनं वाढली. ती ताकदवान, धूर कमी; मलाही आवडली. त्यानंतरची वर्षं माझ्या इंजिनांच्या नोंदवहीत रोडावलेली आहेत. २०१७ पासून विद्युतीकरणानं वेग घेतला. आता एकाच घडणीचं विद्युत इंजिन चेन्नईला दिसतं तसंच हुबळीला आणि तसंच मिरजेला.

याहून मोठी तक्रार फलाटाची आहे. पूर्वी स्टेशन मास्तर आम्हाला चहा पाजून पुढच्या मालगाडीची वेळ सांगायचे. अलीकडे एका स्थानकावर फलाट तिकीट दाखवूनही मला कॅमेरा बंद करायला लावला. शेजारी दहा जण मोबाइलवर रील काढत होते, त्यांना कुणी हटकलं नाही. जी कोवळी पोरं आज बेंगळुरूत व्हाइटफील्डला, यशवंतपूरला इंजिनांचे नंबर टिपत उभी असतात, त्यांना संशयानं हाकलणं बंद करा. फलाटाच्या टोकाला त्यांच्यासाठी सुरक्षित जागा आखून द्या. आणि कर्नाटकात निदान एक आल्को चालत्या अवस्थेत ठेवा, महिन्यातून एकदा सुरू करा, तिचे नॉच वाढवून दाखवा. चौथऱ्यावरच्या रंगवलेल्या लोखंडाला आवाज नसतो, आणि ती पोरं त्या आवाजासाठी म्हैसूरच्या संग्रहालयापर्यंतही जायला एका पायावर तयार आहेत.