सोलापूर रस्ता आणि मांडीवरचे मूल

उन्हाळ्याची सुट्टी किंवा दिवाळी जवळ आली की माझ्या दवाखान्यात एक मागणी हमखास येते. "डॉक्टर, उद्या गाडीने पुण्याला निघतोय; बाळासाठी उलटीचे औषध लिहून द्या." औषध मी लिहून देतो. मात्र बाळ गाडीत कोठे आणि कसे बसणार, हा प्रश्न मलाच विचारावा लागतो. त्याचे उत्तरही ठरलेले असते : "माझ्या मांडीवर!" ज्या रस्त्याने ही मंडळी निघालेली असतात तो गेल्या काही दशकांत पार बदलून गेला, त्यावरून जाण्याच्या आपल्या सवयी मात्र जुन्याच राहिल्या. म्हणून या रस्त्याची थोडी ओळख करून द्यावी आणि ओघानेच बालरोगतज्ज्ञ या नात्याने दोन गोष्टी सांगाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपण ज्याला 'सोलापूर रस्ता' म्हणतो, तोच कुकटपल्लीत 'मुंबई हायवे' होतो. सरकारदरबारी तो अनेक वर्षे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ होता. पुण्याहून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करीत मच्छलीपट्टणपर्यंत जाणारा हा मार्ग सुमारे ८४० कि.मी. लांबीचा. २०१० साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मार्गांना विषम आणि दक्षिणोत्तर मार्गांना सम आकडे, तसेच उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना विषम आकडे वाढत जाणार, असे सूत्र ठरले. त्या हिशेबाने दख्खनमधून आडवा जाणारा आपला ९ क्रमांकाचा रस्ता ६५ क्रमांकाचा झाला. जुन्या मंडळींच्या तोंडी मात्र अजून 'एन. एच. नाईन'च आहे.

हैदराबाद ते पुणे हे अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. मियापूर, पटनचेरू मागे पडले की कंदी येथे आय. आय. टी. दिसते आणि संगारेड्डीला नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा महामार्ग उजवीकडे फुटतो. सदाशिवपेठ आणि जहीराबाद ओलांडले की कर्नाटक लागतो. बीदर जिल्ह्यातील हा टप्पा जेमतेम ७५ कि.मी.चा, पण त्यातच हुमनाबाद आहे आणि त्याला लागून माणिकप्रभूंचे माणिकनगर. पुढे बसवकल्याणचा फाटा लागतो आणि उमरग्याच्या अलीकडे महाराष्ट्राची हद्द सुरू होते. नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदी ओलांडली, तुळजापूरचा फाटा मागे टाकला की सोलापूर येते. तेथून मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, उजनीच्या फुगवट्याकाठचे भिगवण, पाटस, यवत, उरुळी कांचन आणि हडपसर. तीन राज्ये आणि तीन भाषा पार करणारा हा प्रवास आपल्यापैकी अनेकांनी डोळे मिटून सांगावा इतका परिचित आहे.

तीन राज्यांची ही वाटणी तशी अलीकडची. १९४७ पर्यंत सोलापूर ब्रिटिश मुलखात होते आणि १९४८ पर्यंत नळदुर्गपासून हैदराबादपर्यंत सलग निजामाचे संस्थान होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी यांच्या आधिपत्याखाली सोलापूरहून निघाली ती याच रस्त्याने. पहिल्याच दिवशी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल हाती घेण्यात आला. उमरगा, राजेश्वर, जहीराबाद असे टप्पे पडत गेले. वाटेत भूसुरुंगांनी खोळंबा केला. १७ तारखेला निजामाने युद्धविराम जाहीर केला आणि १८ ला सैन्य हैदराबादेत आले. तीनशे किलोमीटरच्या या वाटेला सैन्याला पाच-सहा दिवस लागले. आज मोटारीने पाच-सहा तास लागतात. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा एका संस्थानातला रस्ता तीन राज्यांत विभागला गेला. २ जून २०१४ पासून त्याचे आपल्याकडचे टोक तेलंगणात आहे.

पूर्वी हा रस्ता बराचसा दुपदरी होता. समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर घेत, उसाच्या गाड्यांमागे रांगत रात्र काढावी लागे. २०१० नंतरच्या दशकात आधी पुणे-सोलापूर आणि मग सोलापूर-संगारेड्डी असे चौपदरीकरण झाले. दुसऱ्या टप्प्यातील महाराष्ट्राचा भाग वर्षानुवर्षे रेंगाळला, हे आपण सर्वांनी अर्धवट पूल आणि वळणरस्ते पार करीत अनुभवलेच आहे. रुंदीकरणाचा मोठा लाभ म्हणजे दुभाजक. येणारी आणि जाणारी वाहने वेगळी झाली की समोरासमोरच्या धडका कमी होतात.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. पुण्यापलीकडे लागणारा मुंबई-पुणे मार्ग हा द्रुतगती मार्ग आहे. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधलेला, २००२ साली पूर्णपणे खुला झालेला हा सुमारे ९४ कि.मी.चा सहापदरी काँक्रीट रस्ता. त्यावर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी यांना तेथे मज्जाव आहे. इतके असूनही २०१६ साली त्यावर १५१ माणसे दगावली. त्यानंतर लोखंडी कठडे, वेगमापक कॅमेरे आणि तत्पर मदतीची व्यवस्था यांवर भर देण्यात आला, तेव्हा मृत्यूंची संख्या घटली.

आपला सोलापूर रस्ता चौपदरी असला तरी असा बंदिस्त नाही. गावोगावचे फाटे त्याला थेट मिळतात. वळसा लांब पडतो म्हणून उलट दिशेने येणारी दुचाकी, उसाची दिवा नसलेली ट्रॉली, दुभाजक ओलांडणारी शाळकरी मुले हे सारे तेथे असते. आणि मोटारींना मात्र ताशी शंभर किलोमीटरची मुभा. रस्ता रुंद झाला म्हणजे तो निर्धोक झाला, असा आपला समज होतो, आणि घात होतो तो तेथेच.

आता मांडीवरच्या बाळाकडे वळू. ताशी ८० कि.मी. वेगाने जाणारी गाडी आदळली आणि पाऊण मीटरात थांबली असे धरले, तर दहा किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी तीनशे किलोंहून अधिक वजन पेलण्याइतकी ताकद लागेल. ते कोणत्याही आईच्या हातांना शक्य नाही. येथे प्रश्न मायेचा नसून पदार्थविज्ञानाचा आहे. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. आईने स्वतःचा पट्टा बाळाभोवतीही घेतला तर धडकेत तिच्याच शरीराचा भार बाळावर येतो. पुढच्या आसनावर बाळ असेल तर फुगणारी एअरबॅगही त्याला घातक ठरते.

उपाय ठाऊक आहेत. तान्हे मूल मागच्या आसनावर, गाडीच्या मागील बाजूस तोंड करून बसविलेल्या बालआसनात असावे. निदान दोन वर्षांचे होईपर्यंत, आणि त्या आसनात मावत असेल तर त्यानंतरही. डोके मोठे आणि मान कोवळी असल्याने या स्थितीत धक्का सबंध पाठीवर विभागला जातो. त्यानंतर पुढे तोंड करून पट्ट्यांचे आसन, आणि मग साधारण १४५ सें.मी. उंची होईपर्यंत उंचवट्याचे आसन. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित न बसविल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंडाचे भय नसले तरी बाळाच्या मानेचे भय असावे.

अपघात झालाच तर तिन्ही राज्यांत १०८ हा क्रमांक चालतो. ही सेवा २००५ साली आपल्या हैदराबादेतूनच सुरू झाली, याचा आपल्याला अभिमान असायला हवा. महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आहे. जखमींना मदत करणाऱ्याला आता कायद्याचे संरक्षण आहे. आणि आपण डॉक्टरांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा परमानंद कटारा निकाल विसरू नये : आधी उपचार, मग पोलिसी सोपस्कार.

शेवटी आपल्या सभासद मित्रांना एक विनंती. प्रसूतितज्ज्ञांनी बाळ-बाळंतिणीला घरी सोडताना त्या पहिल्याच मोटारप्रवासात बाळ कोठे बसणार, हे विचारावे. आम्ही बालरोगतज्ज्ञ लसीकरणाच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारू. आजी-आजोबांनी बारशाला सोन्याच्या साखळीऐवजी बालआसन दिले, तर त्याहून मोलाचा अहेर नाही. उलटीचे औषध मी पुढेही लिहून देईन. पण त्याच चिठ्ठीवर वरती आसनाचे नाव असेल.