दूरचित्रवाणीकडून महापौरपदाकडे : बेर्गामोचे ज्योर्जो गोरी आणि कर्जत-खालापूरचे नगराध्यक्षपद

प्रास्ताविक

दूरचित्रवाणीवर मिळवलेल्या ओळखीच्या बळावर राजकारणात येणारी माणसे भारतीय मतदाराला अपरिचित नाहीत. मात्र ती येतात ती लोकसभेत, राज्यसभेत किंवा विधानसभेत. वाहिनीचे मोठे पद अनुभवलेल्या माणसाने आपल्या गावाचे नगराध्यक्षपद किंवा महापौरपद मिळवण्यासाठी निवडणूक लढवावी, असे उदाहरण महाराष्ट्रात चटकन डोळ्यांसमोर येत नाही. इटलीत ते आहे. उत्तर इटलीतील बेर्गामो या सुमारे सव्वा लाख वस्तीच्या शहराचे 2014 ते 2024 या काळातील महापौर ज्योर्जो गोरी हे मूळचे दूरचित्रवाणी वाहिनीचे संचालक. हा फरक व्यक्तींच्या महत्त्वाकांक्षेतून नव्हे, तर पदाच्या कायदेशीर घडणीतून निर्माण होतो, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. तुलनेसाठी रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर या तालुक्यांतील नगरपरिषदा डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

वाहिनीचा नियोजक

गोरी यांचा जन्म 1960 साली बेर्गामोतच झाला. वास्तुशास्त्राचे शिक्षण आणि स्थानिक पत्रकारिता यानंतर 1980 च्या दशकात ते सिल्विओ बर्लुस्कोनी यांच्या माध्यमसमूहात दाखल झाले. तेथे त्यांचे मुख्य काम कार्यक्रमांच्या वेळापत्रकाचे होते. कोणत्या वेळी घरात कोण असते, कोणत्या कार्यक्रमानंतर कोणता लावला असता प्रेक्षक उठून जाणार नाही, याचा रोजच्या आकडेवारीवरून हिशेब करणे, हे ते काम. पडद्यावर दिसणाऱ्या कलावंताची लोकप्रियता वेगळी आणि ही पडद्यामागची गणिती समज वेगळी. गोरी यांचा विचार करताना हा भेद सुटू नये. 1991 मध्ये ते समूहाच्या प्रमुख वाहिनीचे, कनाले 5 चे, संचालक झाले. मधला काही काळ इतालिया 1 या वाहिनीवर घालवून ते पुन्हा तेथेच परतले. त्या दुसऱ्या कारकिर्दीत, सप्टेंबर 2000 मध्ये, 'ग्रांदे फ्रातेल्लो' हा कार्यक्रम इटलीत सुरू झाला. मूळ डच 'बिग ब्रदर' चा हा इटालियन अवतार. त्याचेच हिंदी रूप म्हणजे 'बिग बॉस', आणि त्याच्या पाचव्या पर्वाचे घर 2011 साली कर्जत परिसरात उभारण्यात आले होते, हे येथील वाचकांना आठवत असेल.

2001 मध्ये गोरी यांनी मान्योलिया ही निर्मितीसंस्था सहकाऱ्यांसह स्थापन केली व 2011 मध्ये ती सोडून ते मात्तेओ रेंझी यांच्या बाजूने राजकारणात उतरले. बर्लुस्कोनी यांचा जुना सहकारी त्यांच्या विरोधी डेमोक्रॅटिक पक्षात गेला, याची इटलीत बरीच चर्चा झाली. पण येथे अधिक लक्षणीय आहे ते त्यांचे पहिले अपयश. 2012 च्या अखेरीस संसदेच्या उमेदवारीसाठी झालेल्या पक्षांतर्गत मतदानात बेर्गामोच्याच पक्षसदस्यांनी व समर्थकांनी त्यांना पुरेशी मते दिली नाहीत. माध्यमातील वजन म्हणजे मते नव्हेत, हा पहिला धडा होता.

1993 चा इटालियन कायदा

2014 साली मात्र याच शहराने त्यांना निवडले. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते न मिळाल्याने 8 जून रोजी दुसरी फेरी झाली आणि तीत त्यांनी विद्यमान महापौर फ्रांको तेंतोरिओ यांचा पराभव केला. ही पद्धत मार्च 1993 च्या 81 क्रमांकाच्या कायद्याने आली. त्यापूर्वी इटलीतही महापौर परिषदेच्या सदस्यांतूनच निवडला जाई आणि पक्षांच्या तडजोडींत तो वरचेवर बदलत असे. भ्रष्टाचाराच्या प्रकरणांनी जुने पक्ष खिळखिळे होत असतानाच हा कायदा झाला आणि निवड थेट मतदारांच्या हाती गेली.

नुसती थेट निवड हे या कायद्याचे वैशिष्ट्य मानल्यास त्याचे अर्धेच स्वरूप लक्षात येते. 15,000 हून अधिक वस्तीच्या शहरांत विजयी महापौराशी संलग्न असलेल्या याद्यांना सर्वसाधारणपणे परिषदेतील 60 टक्के जागा मिळतात, त्यामुळे महापौर एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे अशी कोंडी बहुधा होत नाही. खातेप्रमुखांची नेमणूक व गच्छंती महापौरच करतो. परिषदेने अविश्वास ठराव संमत केला तर महापौर जातो, पण त्याबरोबर परिषदही विसर्जित होते. साहजिकच सदस्य असा ठराव आणताना दहा वेळा विचार करतात. मुदत आता पाच वर्षांची आहे आणि मोठ्या शहरांत सलग दोन मुदतींची मर्यादा आहे. 2019 मध्ये पहिल्याच फेरीत पुन्हा निवडून आलेले गोरी 2024 मध्ये या मर्यादेमुळे पायउतार झाले व युरोपीय संसदेवर निवडून गेले. मधल्या काळात, 2018 मध्ये, लोम्बार्दी प्रांताच्या अध्यक्षपदासाठी लढताना आत्तिलिओ फोंताना यांनी त्यांचा मोठा पराभव केला होता. शहर जिंकून देणारे घटक प्रांतात उपयोगी पडले नाहीत.

महामारी व मृत्यूची नोंदवही

या पदाची खरी कसोटी 2020 मध्ये लागली. फेब्रुवारीच्या अखेरीस शहराचे व्यवहार थांबू नयेत असा सूर गोरी यांनीही लावला होता. तीन आठवड्यांत, 18 मार्च रोजी, बेर्गामोतून शवपेट्या वाहून नेणाऱ्या लष्करी वाहनांची रांग जगाने पाहिली. प्रतिमांच्या व्यवसायात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या शहराची ओळख अशा प्रतिमेने व्हावी, हा दैवदुर्विलासच. पण त्या काळात त्यांनी केलेले सर्वांत महत्त्वाचे काम प्रतिमेचे नव्हते. नगरपालिकेच्या मृत्युनोंदींची आदल्या वर्षांशी तुलना करून, अधिकृत कोविडबळींपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू कितीतरी अधिक आहेत, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. घरी किंवा वृद्धाश्रमात चाचणीविना मरण पावलेले लोक अधिकृत गणनेत येतच नव्हते. आरोग्यव्यवस्था प्रांताच्या अखत्यारीत असल्याने रुग्णालयांवर महापौराचा अधिकार नव्हता. नोंदवही मात्र त्याच्या कार्यालयाची होती, आणि ती उघडून दाखवण्याइतके स्वतंत्र स्थान त्याला कायद्याने दिले होते.

आपल्याकडील पदे

जन्ममृत्यूची नोंदवही कर्जत आणि खोपोलीच्या नगरपरिषदांतही आहे. भेद पदाच्या बळाचा आहे. ज्या 1993 साली इटलीने महापौराला बळ दिले, त्याच वर्षी 1 जूनपासून आपल्याकडे 74 वी घटनादुरुस्ती अमलात आली. तिने नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला, परंतु अध्यक्ष कसा निवडावा हे राज्यांवर सोपवले. महाराष्ट्रात महापौर नगरसेवकांतून अडीच वर्षांसाठी निवडला जातो आणि कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे असते. मुंबईपुरती ही रचना 1888 च्या कायद्यापासूनची आहे. 1998 मध्ये मुंबई व नागपूर येथे कार्यकारी अधिकार असलेल्या महापौर परिषदेचा प्रयोग झाला, पण तो लवकरच गुंडाळण्यात आला. इंग्रज सरकारला नगरपित्यांवर विश्वास नव्हता हे समजण्यासारखे आहे. स्वतंत्र भारतातील राज्य सरकारांनी तोच अविश्वास इतक्या निष्ठेने का जपला, याचा मात्र स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा.

नगरपरिषदांची स्थिती यापेक्षा अस्थिर. नगराध्यक्षाची थेट निवड 2001 मध्ये झाली, 2006 मध्ये ती पद्धत रद्द झाली, 2016 मध्ये पुन्हा आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परतली. शिवाय थेट निवडून आलेल्या अध्यक्षामागे बहुमत असेलच अशी तरतूद नाही. अंमलबजावणी राज्याने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याकडे असते, आणि परिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी स्थगित करू शकतात. अध्यक्षपदाचे आरक्षण फिरत्या पद्धतीने ठरते. वंचित घटकांना व महिलांना त्यामुळे मिळालेला वाव मोलाचा आहे, परंतु गोरी यांच्याप्रमाणे दोन-तीन वर्षे आधीपासून एका पदाची तयारी करणे त्यामुळे कोणालाही कठीण होते.

अशा पदाकडे माध्यमांतील मंडळी वळली नाहीत तर नवल नाही. खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 मध्ये उभारलेल्या एन. डी. स्टुडिओशी निगडित 'राजा शिवछत्रपती' (2008) या मालिकेतून घराघरांत पोचलेले डॉ. अमोल कोल्हे 2019 मध्ये शिरूरमधून लोकसभेत गेले. दूरचित्रवाणी पत्रकार इम्तियाज जलील 2014 मध्ये विधानसभेत आणि 2019 मध्ये लोकसभेत गेले. ज्या सभागृहात कायदा बदलता येतो आणि मंत्रिपद मिळू शकते, तिकडे जाण्यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

कर्जत, खोपोली आणि माथेरान येथे डिसेंबर 2025 मध्ये नगराध्यक्षांची निवड पुन्हा थेट मतदानाने झाली. मुंबईहून येणारी गृहसंकुले, पाणीपुरवठा, कचरा, उल्हास व पाताळगंगा नद्यांचे प्रदूषण हे प्रश्न त्यांच्या टेबलावर आहेत. त्यांची मुदत पाच वर्षांची आहे. ती संपल्यावर पुढचा नगराध्यक्ष मतदार निवडतील की नगरसेवक, हे तेव्हाच्या विधिमंडळातील बहुमतावर अवलंबून राहील.