दानशेन : एका लाल मुळातील कार्यकारी घटक

साकळलेले रक्त मोकळे करून रक्ताभिसरण सुधारणारी जी द्रव्ये चिनी वैद्यकाने सांगितली आहेत, त्यांत दानशेनचे स्थान अग्रगण्य आहे. साल्व्हिया मिल्टिओऱ्हायझा ही वनस्पती तुळशीच्याच कुळातील असून तिचे तांबडे मूळ औषधात घेतात. 'शेननोंग बेनत्साओ जिंग' या प्राचीन चिनी द्रव्यग्रंथात तिचा उल्लेख आहे. तिच्यातील कार्यकारी घटकांचा शोध आम्हा वैद्यांनाही उद्बोधक वाटावा असा आहे.

मुळाच्या रंगद्रव्यापासून या शोधाचा आरंभ झाला. 1934 साली नाकाओ व फुकुशिमा या जपानी संशोधकांनी त्यातून 'टॅन्शिनोन' वेगळी केली. ही द्रव्ये मद्यार्कात उतरतात, पाण्यात जवळजवळ उतरत नाहीत. परंपरेत मात्र दानशेन मुख्यतः काढ्याच्या रूपात दिले जाते! मग काढ्यात कोणते घटक येतात? पुढील संशोधनात पाण्यात विरघळणारा दुसरा गट हाती आला. दानशेन्सू व साल्व्हियानोलिक आम्ल बी हे त्यातील प्रमुख घटक होत.

अशा शोधाची रीत थोडक्यात अशी : अर्काचे विद्रावकांच्या साहाय्याने भाग पाडावयाचे, प्रत्येक भागाची क्रिया प्राण्यांच्या रक्तवाहिनीच्या तुकड्यावर किंवा रक्तकणिकांवर तपासावयाची, आणि क्रियाशील भाग पुन्हा विभागीत एका शुद्ध द्रव्यापर्यंत पोहोचावयाचे. तथापि नळीतील क्रिया म्हणजे देहातील क्रिया नव्हे. साल्व्हियानोलिक आम्ल बी तोंडावाटे दिल्यास त्याचा अत्यल्प अंशच रक्तात पोहोचतो. 2015 च्या चिनी फार्माकोपियाने एका घटकावर विसंबून न राहता दोन्ही गटांची अट घातली : साल्व्हियानोलिक आम्ल बी किमान 3.0 टक्के आणि तीन टॅन्शिनोन मिळून किमान 0.25 टक्के.

हा विषय केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णांनी सोबत दानशेन घेतल्यावर रक्त गोठण्याची क्रिया धोकादायक प्रमाणात मंदावल्याची वृत्ते 1990 च्या दशकात प्रसिद्ध झाली. त्यांत हृदयाची झडप बदललेला रुग्णही होता. टॅन्शिनोन यकृतातील औषधपचन करणाऱ्या काही विकरांना अटकाव करतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. अर्थात काढा आणि मद्यार्की घनसत्त्व यांचे मूळ एक असले, तरी औषध म्हणून ती दोन ठरतात. कल्पनाभेदाने गुणभेद होतो, हे आम्हांस नवीन नाही. येथे त्याचे रासायनिक कारण दिसते, इतकेच.

यावरून वैद्यबंधूंनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वॉरफरिन चालू असलेल्या रुग्णास 'नैसर्गिक' म्हणून दानशेनयुक्त गोळ्या घेऊ देऊ नयेत. तो आधीच घेत असल्यास त्याच्या हृदयरोगतज्ज्ञास त्वरित कळवून आय.एन.आर. तपासून घ्यावा, वॉरफरिनची मात्रा परस्पर बदलू नये. आणि केवळ लाल मूळ व रक्तावरील क्रिया या साम्यावरून मंजिष्ठेस दानशेनचे प्रतिनिधी द्रव्य समजू नये. दोहोंची कुळे व घटक सर्वस्वी भिन्न आहेत.